चोवीस हातांची पायघडी

१

जांभळ्या कापडाचं गिऱ्हाईक आधी नाक चालवतं, डोळे मागाहून. हर्मिओनी गावच्या बंदरात तीस वर्षं रंगाऱ्याचा धंदा केलेल्या मेनेक्लीसला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. समुद्रातल्या काटेरी शंखांतल्या गोगलगाईपासून जो खरा जांभळा रंग निघतो, त्याची घाण कापडाला जन्मभर सोडत नाही. धुवा, वाळवा, धूप द्या. राणीच्या अंगावरसुद्धा ते कापड कुजक्या माशाची आठवण करून देतं. आणि मौज अशी की माणसं त्याच घाणीवर भाळतात. कोरिंथचा एक तेलाचा व्यापारी मेनेक्लीसकडून नेलेला झगा एकदा परत घेऊन आला. तक्रार काय, तर वास येत नाही. मेजवानीत पाहुण्यांनी नाक जवळ नेलं आणि एकमेकांकडे बघून हसले. मेनेक्लीसने त्याला सावलीत बसवलं, अंजीर पुढे ठेवले, झगा आत नेला आणि घटकाभराने बाहेर आणून दिला. व्यापाऱ्याने हुंगलं, त्याला उमासा आला, आणि तो खूश होऊन गेला.

आत एक मडकं होतं. शंख फोडून रंगाची पिशवी काढून घेतली की उरलेला गोगलगाईंचा लगदा मेनेक्लीस त्यात मिठाच्या पाण्यात कुजवायचा. मंजिष्ठ आणि दगडफुलात स्वस्तात रंगवलेल्या कापडाच्या कोपऱ्यांना त्या पाण्याची बोटं लावली, की झालं ते अस्सल. खोटा रंग ओळखायचा दुसरा एक उपाय आहे. आंबट शिरक्यात भिजवलेलं फडकं चोळलं की मंजिष्ठ लगेच उतरते, शंखाचा रंग काही केल्या उतरत नाही. पण नव्या कोऱ्या कापडावर शिरका कोण ओतणार? नाकावर काम भागत होतं.

त्या वर्षीचं मडकं शरदात भरलेलं होतं. मेनेक्लीसचा धाकटा भाऊ दामोन खडकांपाशी सोडलेल्या टोपल्या उचलायला गेला आणि वारा फिरला. बऱ्याच दिवसांनी होडी सापडली, दामोन सापडला नाही. होडीच्या कडेला पाच टोपल्या बांधलेल्या तशाच होत्या, बाहेरून शेवाळलेल्या आणि काठोकाठ भरलेल्या. टोपलीत आमिष म्हणून सडके शिंपले, मेलेले बेडूक घालतात. शंख मढ्याच्या वासावर चढतो. इतक्या भरलेल्या टोपल्या मेनेक्लीसने उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. दोन दिवस तो रडला. तिसऱ्या दिवशी त्याने शंख फोडायला घेतले, कारण शंख कुणासाठी थांबत नाही.

२

दामोनची बायको क्रिनो हिने हिवाळाभर मागावर बसून एक कापड विणलं. पंचवीस हात लांब, पांढरी मऊ लोकर, शेवटच्या हातावर तिच्या माहेरची गाठींची नक्षी. समुद्रात गेलेल्या माणसाची रिकामी कबर करतात, तिच्यात पेटी ठेवतात आणि पेटीत त्याच्यासाठी घड्या घालून पांघरूण. पांघरूण घातल्यावर घरातल्या वडील माणसाने किनाऱ्यावर जाऊन तीनदा नावाने हाक मारायची, मग तो आपल्या जागी येऊन निजतो. पांघरुणाशिवाय आला तर निजत नाही. एवढी साधी गोष्ट. क्रिनोने कापड थोरल्या दिराच्या हातात दिलं आणि म्हणाली, भावजी, खऱ्या रंगात बुडवा, बाकी मला काही नको.

त्याच आठवड्यात नगरसभेचा निरोप आला. देव डायोनिससच्या जत्रेला या वर्षी बाहेरची मोठी नटमंडळी येणार होती, जुनं शोकनाटक करायला, आजोबांच्या वेळेपासून सगळ्यांना माहीत असलेलं. त्यांना जांभळी पायघडी हवी होती. जो देईल त्याला पहिल्या ओळीत दगडी आसन आणि सगळ्या गावासमोर नावाचा पुकारा. मेनेक्लीसच्या बापाला नाटकाच्या टेकडीवर कधी खालच्या ओळींत बसायला जागा मिळाली नव्हती. घाणीचा धंदा करणाऱ्यांना लोक वरच्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या उलट बाजूला बसवत.

तयार लांब कापड गावात एकच होतं.

मेनेक्लीसने क्रिनोची नक्षी असलेला शेवटचा हात कापला आणि कढईखालच्या जाळात टाकला. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास आला. उरलेले चोवीस हात त्याने मंजिष्ठ-दगडफुलात बुडवले, आणि चार कोपऱ्यांना मडक्यातल्या पाण्याची बोटं लावली. पेटीत त्याने एक जुनं गोणपाट घडी करून ठेवलं, झाकणाला खिळे ठोकले. पेटी पुरली तेव्हा क्रिनोने झाकणावर हात ठेवून विचारलं की रंग कसा आला. तो म्हणाला, बघण्यासारखा आला. किनाऱ्यावर हाक मारायचं मात्र त्याने लांबणीवर टाकलं. जत्रा होऊ दे, म्हणाला.

३

नटमंडळीचा प्रमुख थेरोन हा चार हात उंच, पोट सुटलेला, बोलका गृहस्थ. तो मेनेक्लीसच्या रंगकामाच्या आवारात आला, दोरीवरचं कापड त्याने नाकाशी नेलं आणि समाधानाने तोंड वाकडं केलं.

"शेठ, हा माल बोलतोय," तो म्हणाला.

मग बाकावर बसून त्याने कांदा आणि जवाची भाकर खात खात मेनेक्लीसला नाटक समजावलं. राजा लढाईहून एकटाच परत येतो, बरोबरची माणसं पाण्यात सोडून. लोकांना वाटतं नाटक त्या राजाचं आहे. थेरोनला बावीस वर्षं त्या राजाचा मुखवटा घालून कळलं होतं की नाटक पायांचं आहे. पहिल्याच गाण्यात ओल्या पायांचे ठसे येतात. मग दासी राजाचे पाय धुतात. मग कुणीतरी लंगडतं. कवीने पाय कुठे सोडलेच नाहीत. आणि हे कापड तीनदा येतं: आधी पायघडी, मग पलंगावरची चादर, शेवटी मेलेल्या राजावर घातलेलं पांघरूण. तिन्ही वेळा तेच कापड. शेवटी ते अपुरं पडतं आणि पाय उघडे राहतात.

"चोवीस हात कापड एका माणसाला अपुरं पडेल कसं?" मेनेक्लीसने विचारलं. धंद्यातला माणूस, त्याला हा हिशेब पटेना.

"नाटकात पडतं, शेठ. लोक तेवढ्यासाठीच येतात."

थेरोन गेल्यावर मेनेक्लीस कापड उतरवायला गेला आणि थबकला. वास कोपऱ्यांना नव्हता. वास मधोमध होता, जिथे त्याने बोट लावलं नव्हतं. त्याने तिथे तळहात ठेवला. आठ दिवस उन्हात टांगलेलं कापड ओलं होतं, थंड, आणि हात काढताना ते किंचित चिकटून आलं, जसं शंखातून बाहेर ओढलेलं अंग बोटाला धरून ठेवतं.

कापडात मीठ राहिलं असेल, त्याने ठरवलं. मीठ हवेतलं पाणी ओढतं.

४

तालीम दुपारी, टेकडीच्या पोटातल्या रिंगणात. गाणाऱ्यांच्या ताफ्यातली पंधराही माणसं गावातलीच होती. त्यात बातोस म्हणून खारवलेले मासे विकणारा मेनेक्लीसचा जुना दोस्त. जन्मभर माशांत हात घातलेला माणूस, पण पायघडी अंथरली तसा तो तीन पावलं मागे सरला.

"अरे मेनेक्लीस, माझ्या दुकानातसुद्धा एवढं मेलेलं नसतं रे," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

मेनेक्लीसही हसला. घाण आहे म्हणजे अस्सल आहे, तो म्हणाला. पण हसताना त्याने तोंडाने श्वास घेतला, आणि वासाची चव जिभेवर आली. गोडसर. शंखाचा वास कुजक्या माशाचा, तिखट असतो. गोडसर नसतो.

माशा यायला लागल्या होत्या.

थेरोनला वरच्या पायऱ्यांवरून कापड कसं दिसतं ते बघायचं होतं. राजाचा मुखवटा त्याचाच, आणि बाकीचे नट जेवायला गेलेले. तेव्हा त्याने वरून हाक दिली की शेठ, तुम्हीच जरा चालून दाखवा, अनवाणी, राजासारखे हळू. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बातोसने वाकून मुजरा केला आणि त्याच्या चपला काढून घेतल्या. नाही म्हणायला कारण नव्हतं.

पहिलं पाऊल कापडावर पडलं. दुसरं. खाली रिंगणाची ठोकलेली जमीन होती, दगडासारखी. मेनेक्लीस रोज त्याच मातीवरून कामाला जात असे. पण कापडाखाली ती नव्हती. पाय रुतत होता. टाचेखाली काहीतरी मऊ दबलं आणि बोटांच्या फटींतून कोमट पाणी वर आलं. आठव्या हातावर त्याच्या तळव्याला काही लांबट, गोल लागलं, एकाशेजारी एक, चार-पाच, माणसाच्या बरगड्यांवर हात फिरवावा तसं. दहाव्या हातावर काहीतरी हललं, अगदी थोडं, झोपेत कूस बदलताना हलावं तेवढं.

वर थेरोन ओरडून सांगत होता, छान, छान, असंच, पाय उचलायची घाई करू नका. मेनेक्लीस चोवीस हात चालला. का चालला, ते त्याला पुढेही सांगता आलं नसतं. सगळे बघत होते, एवढंच.

शेवटी पोचून त्याने कापड उचलून खाली बघितलं. कोरडी माती होती. मातीवर एक काडी नव्हती.

५

घरी त्याची बायको आग्ले हिने मसुराचं कालवण वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि मसुराची साल जिभेवर सरकली, तसा तो उठला आणि अंगणात जाऊन ओकला.

"अहो, तीस वर्षांत तुम्हाला वासाचा त्रास झाला नाही," ती म्हणाली. "आज काय झालं?"

ऊन, तो म्हणाला. तिने त्याच्या तळव्यांकडे बोट दाखवलं. ते जांभळे झाले होते. कच्चा रंग आहे, शिरक्याने निघेल, असं सांगून त्याने चपला चढवल्या. मनातल्या मनात त्याला बरंही वाटलं. रंग पायाला लागला म्हणजे कापड ओलं होतं, ओलं होतं म्हणजे मऊ लागणारच, आणि मऊ कापडाच्या सुरकुत्या पायाला काहीही वाटू शकतात. सगळं जुळत होतं. फक्त बरगड्या जुळत नव्हत्या, म्हणून त्या त्याने सोडून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिनो आली. कबरीवर दूध-मध घालून ती परतत होती. ओट्यावर टेकली, ओढणीने घाम पुसला, आणि म्हणाली की कबरीवरची माती खाली बसली आहे.

"नवी माती बसतेच," मेनेक्लीस म्हणाला.

"भावजी, पांघरूण लांबीला पुरलं ना?"

"कुणाला पुरायचंय? पेटी रिकामी आहे."

"म्हणून तर विचारते." तिला थोडं हसू आलं. "तुम्हाला ठाऊक आहे ना, ह्यांचे पाय कायम पांघरुणाबाहेर असायचे? लग्न ठरवताना तुमची आई म्हणाली होती, सून आणली तर मागवाली आणा, याला लांब चादर लागते. दुसऱ्या कुणाला चोवीस हात पुरले असते. मी मुद्दाम एक हात जास्त विणला."

मेनेक्लीसला आठवलं. हौदात उतरून लोकर तुडवायचं काम दामोनचं. लांब, हाडकुळे पाय घोट्यापर्यंत कायमचे जांभळे झालेले, आणि ते घरभर पसरून तो निजायचा. आई त्यांना अडखळून शिव्या द्यायची.

त्या घटकेला सांगून टाकता आलं असतं. ओट्यावर दोघंच होती, दिवस उजाडलेला होता, आणि क्रिनो रागीट बाई नव्हती. पण जत्रा परवावर आली होती आणि पहिल्या ओळीतलं आसन धुऊन ठेवलं होतं.

"पुरलं," तो म्हणाला.

"मग हाक कधी मारता? पांघरूण घालून ठेवायचं आणि बोलवायचं नाही, हे बरं नव्हे."

नाटक झालं की, तो म्हणाला.

६

पुकारा झाला. मेनेक्लीसचं नाव, त्याच्या बापाचं नाव, पायघडीचं दान. त्याने उठून हात जोडले. शेजारच्या आसनावरच्या पुजाऱ्याने उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि कौतुकाने मान हलवली.

राजा आला. पायघडी उलगडली तसा वास पायऱ्या चढत गेला आणि हजार माणसांनी एकदम श्वास रोखल्याचा आवाज झाला. राजा कापडावरून चालला. मेनेक्लीस त्याच्या पायांकडे बघत नव्हता, कापडाच्या पुढच्या कडेकडे बघत होता. तिथून पाण्याचा एक ओघळ निघून रिंगणाच्या उतारावरून सावकाश, अडखळत, पहिल्या ओळीकडे येत होता. त्याने पाय वर घेतले. पुजाऱ्याने त्याच्याकडे चमकून पाहिलं. पुजाऱ्याच्या चपलांपुढची फरशी कोरडी दिसत होती.

गाणारे गात होते. मेनेक्लीसला आता शब्द कळत होते, आणि न कळते तर बरं होतं. ओले पाय. धुतलेले पाय. दारात थांबलेले, आत कुणी न बोलावलेले पाय. थेरोनने सांगितलं होतं तसं कवीने त्यांना कुठे सोडलं नव्हतं. प्रत्येक गाण्यात ते थोडे जवळ येत होते.

मग महालाचं दार उघडलं आणि चाकांचा पाट बाहेर ढकलला गेला. पाटावर राजाचं प्रेत म्हणून बाहुला, त्यावर जांभळं कापड. चाकं कुरकुरली. पाट पुढे आला आणि पहिल्या ओळीपासून दहा पावलांवर थांबला.

कापड अपुरं पडलं होतं. बाहेर दोन पाय होते.

लांब, हाडकुळे. घोट्यापर्यंत जांभळे. वरची कातडी फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, फुगलेली, आणि एका टाचेपाशी मोज्यासारखी सैल होऊन सुटलेली. डाव्या पायाच्या अंगठ्याला एक छोटा काटेरी शंख चिकटला होता. मेनेक्लीस बघत असतानाच त्या शंखातून गोगलगाईचं ओलं तोंड बाहेर आलं, चाचपडलं, आणि पुन्हा मांसाला लागलं.

पाच टोपल्या, काठोकाठ भरलेल्या. त्यांतल्या शंखांचा लगदा त्याने स्वतःच्या हातांनी मडक्यात दाबून भरला होता. बोट ओलं करून कापडाला लावलं होतं, आणि त्याच बोटांनी नंतर भाकर मोडली होती.

वर, बायकांच्या ओळीत, कुणीतरी उठून उभं राहिलं. मेनेक्लीसने वळून बघितलं नाही. कोण असेल ते त्याला माहीत होतं.

७

मुखवट्यांच्या खोलीत थेरोन डोक्यावर पाणी ओतून घेत होता. मेनेक्लीसने त्याला पायांचं विचारलं.

"अहो, ती फजितीच झाली, शेठ," थेरोन म्हणाला. "बाहुल्याचे पाय सकाळी उतरवताना फुटले. मग आम्ही कापड टोकापर्यंत ओढून घेतलं. गाणारे बिचारे उघडे पाय, उघडे पाय म्हणतायत आणि दिसत कुणालाच काही नाही. लोकांच्या लक्षात आलं नसावं."

तेवढ्यात बातोस आत आला आणि म्हणाला, अरे, पाय का झाकलेत? माझी आजी सांगायची, ते पाय बघून बायका रडायच्या.

मेनेक्लीसने कापड मागून घेतलं. ते आता नगराचं दान होतं, पण थेरोन नको म्हणाला नाही. त्याच्या माणसांना ते गाडीत नकोच होतं. खांद्यावर घेतल्यावर ते ओल्या जनावरासारखं जड झालं, आणि पाठीवरून एक थेंब घामाच्या वाटेने कमरेपर्यंत गेला. बाहेर क्रिनो उभी होती. तिने कापडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दोघं चालू लागली.

अजून दोन प्रहर दिवस बाकी होता. कबर उकरली, पेटीचे खिळे काढले, गोणपाट बाहेर आलं. क्रिनोने ते उचलून बाजूला ठेवलं, कुणाचं तरी उष्टं उचलावं तसं. मग दोघांनी मिळून कापड पेटीत घातलं. पेटी चार हात लांब; कापडाच्या सहा घड्या आरामात बसायला हव्यात. त्यांनी घडी घातली, पायाकडे हातभर लाकूड उघडं राहिलं. उलट बाजूने घातली, तरी तेवढंच. एकेरी पसरून पाहिलं. मेनेक्लीस गुडघ्यांवर बसून, नाक दुसरीकडे करून, दोन्ही हातांनी ते ताणत राहिला, आणि ते ओढल्यावर यायचं, सोडल्यावर सावकाश मागे सरकायचं.

"माझा एक हात कुठे आहे, भावजी?" क्रिनोने विचारलं.

"जाळला," तो म्हणाला.

तिने पायाकडच्या त्या उघड्या लाकडाकडे बघितलं. मग तिने झाकण लावलं आणि माती ओढायला घेतली. तो मदतीला वाकला, तिने त्याचा हात बाजूला केला.

"किनाऱ्यावर जाऊन आता मीच हाक मारतो," मेनेक्लीस म्हणाला. "तीनदा. आत्ता जातो."

"नको." तिने मान वर केली नाही. "बोलावलं तर येतील. असेच येतील."

घरी येऊन तो अंगणातल्या दगडावर बसला. आग्ले विहिरीवर गेली होती. त्याने चपला काढल्या. तळव्यांचा रंग घोट्यापर्यंत चढला होता, सगळीकडे सारखा, कुठे डाग नाही, कुठे फिकं नाही. त्याने शिरक्याचं भांडं आणलं, पांढरं फडकं बुडवलं आणि टाच चोळायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात, मग कातडी सोलवटून रक्त यायला लागेपर्यंत. रक्त फडक्याला लागलं. रंग लागला नाही. भांड्यातला शिरका होता तसाच स्वच्छ होता.

तीस वर्षांच्या सवयीने त्याचं डोकं आपोआप खाली गेलं आणि त्याने पाय हुंगला.

अस्सल होता.